मांडीवरचा धागा

सुई टोचली तेव्हा खूण मोहरीएवढीही नव्हती. पाच मिनिटांत तिचं बोर झालं.

"सिस्टर, हे पाय वो," देवकीनं हात पुढे केला. "गांधीलमाशी चावल्यावानी फुगून रायलं."

सिस्टरनं पाहिलं आणि वळून तनुजाला हाक मारली.

ऐनटोला हे आरमोरीपलीकडचं, रानाच्या कडेला बसलेलं ढिवरांचं गाव. तळ्यातली मासोळी आणि ऐनाच्या झाडांवरचा कोसा, म्हणजे रानरेशीम, या दोघांनी पोसलेलं. गावच्या उपकेंद्रात त्या दिवशी चाळीस माणसं बाकांवर बसली होती आणि चाळिसांच्याही रक्तात सिकल होता. औषध सकाळीच ब्रह्मपुरीहून थंड पेटीत, ड्रोननं उडत आलं होतं. ज्या भांड्यात ते भरलं होतं ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. केसाच्या जाडीत हजारभर मावतील एवढंसं. ते भांडं घडवणारी तनुजा पचारे याच गावची. देवकी तिची थोरली बहीण. त्या भागात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तशी तनुजाही तिला बाईच म्हणे.

तनुजानं पट्टी लावली. चौदा मिलिमीटर. मर्यादा तीनची होती; टोचलेल्या कणानं त्यावर सूज आली तर खरं औषध द्यायचं नव्हतं.

"काय झालं? बोल ना."

"थांब जराशी, बाई."

"चौतीस वर्षं थांबली. आनखी कितीक?"

सिकलचं दुखणं ठाऊक नाही असं घर त्या मुलखात शोधून सापडायचं नाही. रक्तातली तांबडी पेशी वाटोळी, गुळगुळीत असते, बारीकशा नसेतूनही घरंगळत जाते. सिकल असला की ती विळ्यासारखी वाकते, नसेत अडकते, तिच्यामागे दुसरी, तिसरी. मग ज्या हाडाला रक्त पोचत नाही ते हाड असं दुखतं की माणूस देवाचं नावही घेऊ शकत नाही. पण एक गंमत आहे. आईच्या पोटात असताना कुणालाच सिकल नसतो. गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं, ते वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्या जनुकाला कुलूप घालतं, मोठेपणाचं हिमोग्लोबिन बनवू लागतं आणि दुखणं तिथून सुरू होतं. नव्या औषधाला करायचं होतं एवढंच: हाडांच्या मज्जेत शिरून ते कुलूप मोडायचं. गर्भातलं रक्त पुन्हा वाहतं करायचं. एकदाच, जन्मभरासाठी.

कुलूप कसं मोडायचं हे सांगणारा निरोप फार नाजूक असतो. रक्तात उघडा सोडला तर उन्हातल्या लोण्यासारखा विरघळतो. म्हणून त्याला भांडं हवं. आत एक कृत्रिम बहुवारिक, म्हणजे रेणूंची लांब माळ, जी निरोपाला घट्ट धरते आणि पेशीच्या आतल्या आंबट पोटात पोचली की सैल होते. बाहेर एक साल, जी पाहून मज्जेतली पेशी दार उघडेल. ही साल कशाची करावी यावर प्रयोगशाळेचे चार उन्हाळे गेले. तेव्हा तनुजा म्हणाली होती, "कोशाची करून पाहू." रानातल्या कोशाच्या रेशमात प्रथिनाचा एक तुकडा असतो, तुतीच्या रेशमात नसतो, पेशी त्याला हात धरल्यासारखी धरते. केली. जमली. त्या दिवशी तिनं कोशाचे किडे राखणाऱ्या बाबांना फोन करून सांगितलं होतं की तुमचा किडा आता डॉक्टर झाला.

अकरा वाजेपर्यंत नऊ हात फुगले. नऊही बायकांचे.

"लॉट खराब असन, मॅडम," सिस्टर म्हणाली.

तनुजानं दुसरी पेटी फोडली. तिसरी फोडली. हात फुगायचे तेच फुगले. बाकीचे एकतीस जण निवांत, त्यांच्या हातावर खूणसुद्धा नाही.

मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं. बसल्या बसल्या देवकीचा उजवा तळहात मांडीवर पुढे जात होता, मागे येत होता. हातात काही नसताना. शेजारी मीराबाईचाही तसाच. पलीकडे तिसरीचा. नऊ तळहात नऊ मांड्यांवर नसलेला धागा वळत होते.

तनुजा खुर्चीत बसली.

ऐनटोल्यात यंत्र आलं होतं, पण मांडीवर वळलेल्या जाड धाग्याची मागणी काही मेली नव्हती. उकडलेल्या कोशांतून तंतू ओढायचे, राख लावून उघड्या मांडीवर तळहातानं वळायचे. मांडी सोलवटते, मग तिथे घट्टा पडतो, घट्टा पुन्हा सोलवटतो. आणि हे काम गावानं कुणाला दिलं होतं? जिला उन्हात उभं राहवत नाही तिला. जिचे गुडघे सुजतात तिला. "हिच्यानं रानात जानं होत नाई, बसू द्या धाग्याले." यात दुष्टावा नव्हता, उलट माया होती. दुखणाईत पोरीला सावली मिळावी, बसून करायचं काम मिळावं, घरात तिचा मान राहावा. पिढ्यान्‌पिढ्या गावानं आपल्या सिकलच्या पोरी शोधून शोधून त्या धाग्यापाशी बसवल्या होत्या.

पोटातून आलेली वस्तू शरीर सहसा पाहुणी मानतं. फाटलेल्या कातडीतून आलेली चोर मानतं, आणि चोराचा चेहरा विसरत नाही. या नऊजणींच्या अंगात कोसा सोलवटलेल्या मांडीतूनच शिरला होता. नागपूरच्या चाचण्यांत शहरातले रोगी होते. कारकून, विद्यार्थी, भाजी विकणारे. त्यांत धागा वळणारी एकही बाई नव्हती. आणि कोसा सुचवणारी तनुजा होती धागेवालीच्याच घरातली मुलगी, जी निरोगी म्हणून कधी धाग्यापाशी बसलीच नव्हती.

दुपारी कार्ड भरायची वेळ आली. देवकी टेबलाशी उभी राहिली, आवाज खाली आणून म्हणाली, "दोन लिही."

"बाई…"

"दोन लिही म्हनतो. कोनाले समजते? तुझ्याच हातात पेन आहे."

"औषध अंगात गेलं आन् अंगानं त्याले चोर समजलं, तर श्वास बंद होते. दहा मिनिटांत."

"आन् नाई गेलं तं मी का शंभर वर्षं जगतो? मागच्या दिवाळीत चार दिवस ऑक्सिजनवर होती मी. तू नागपुरात होती."

तनुजानं पेन उचललं. शाई उतरेपर्यंत तिला वाटत होतं की आपण दोन लिहू. तिनं चौदा लिहिलं. मग नऊही कार्डांवर जे होतं ते लिहिलं, खाली जोडलं: नऊही रुग्ण हाताने कोसा धागा वळतात. एकतीस जणांना औषध मिळालं. नऊजणी घरी गेल्या.

देवकी तिच्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं. ताट वाढलं, पाणी दिलं, अंथरूण घातलं, सगळं केलं. बोलली मात्र नाही.

बोलले ते बाबा. सुखदेव पचारे, सत्तरी गाठलेले, अंगणात खाटेवर बसून पायाचा अंगठा पाहत होते.

"चूक माही आहे," ते म्हणाले.

"तुमची कोनती, बाबा?"

"किडे झाडावर असले का आपला नेम असते. दाढी करनं नाई, तेल लावनं नाई, मासोळी खानं नाई. तुले मालूम आहे. जो कोसा तुझ्या कंपनीनं नेला ना, त्या पिकाले…" ते थांबले. "मी झिंगे खाल्ले. सुके. दोनदा."

तनुजाला हसू आलं आणि डोळेही भरले. "बाबा, झिंग्यानं असं होत नाई."

"तीनदा," बाबा म्हणाले.

नागपूरला डॉ. नसीम काझींनी नऊ कार्डं टेबलावर मांडली आणि ओळीनं वाचून काढली. जनुकांवर आयुष्य काढलेली ही बाई, प्रयोगशाळेची प्रमुख, चूक सापडली की रागावत नसे; चहा मागवत असे.

"आपण शरीराचं सगळं विचारलं गं," त्या म्हणाल्या. "हाताला काम काय, ते विचारलं नाही."

वाटा तीन होत्या. नवी साल शोधायची, त्याला सहा-सात वर्षं. औषधांनी शरीराची राखणच झोपवायची. पण सिकलच्या माणसाला साधा तापही भारी, राखण झोपवून चालणार नाही. तिसरी वाट जुनी होती आणि धिमी. जे शरीर कातडीतून शत्रू मानतं ते तोंडातून थोडं थोडं देत जायचं. कणभर, मग दोन कण, मग चिमूट. पोट शरीराला समजावतं, अरे हा तर घरचाच. शेंगदाण्याचं वावडं असलेल्या मुलांवर हे चाललं होतं. कोशावर कुणी केलं नव्हतं.

"आणि वर्षभर धाग्याला हात लावायचा नाही," काझी म्हणाल्या. "इकडे समजूत घालायची, तिकडे मांडीतून भांडण चालू, असं नको."

हे सांगायला तनुजा गावी गेली. देवकीनं सगळं ऐकलं, मग दीड महिन्यानंतर पहिलं वाक्य बोलली.

"पक्कं बरं होईन?"

"नाई सांगता येत."

"एवढी शिकली आन् एवढंच येते सांगता?"

"हो."

तनुजानं आणलेली कोशाची पुडी देवकीनं उघडून हुंगली. पांढरी भुकटी, वास काहीच नाही. तिनं ती दह्यात कालवली, चाटून खाल्ली. "तुझ्या किड्याले मीठ नाई," म्हणाली.

चार महिने झाले. सहा तपासण्या. चौदाचं तेरा झालं होतं, पुन्हा चौदा झालं. बाकीच्या आठजणींचे हात उतरत होते. मीराबाई तर सातवर आली होती. तनुजानं भुकटीची मात्रा दोनदा तपासली, मग एका बुधवारी न सांगता घरी येऊन उभी राहिली. मागच्या पडवीत देवकी बसली होती, पातळ गुडघ्याच्या वर, मांडीला राख, आणि तळहाताखालून सरसर धागा.

देवकीनं तनुजाला पाहिलं, धागा बाजूला ठेवला.

"हात रिकामे ठेवून मानूस बसते का गं?" देवकीच म्हणाली. आवाजात चोरी नव्हती, थकवा होता. "तुम्ही सांगता, हे करू नको. मंग काय करू ते कोनीच सांगत नाई. रांधते वहिनी. रानात जाववत नाई. या घरात मी कोन? धागेवाली. तो काढून घेतला का नुसती दुखनेवाली उरतो मी."

तनुजा पायरीवर टेकली. उत्तर दिलं ते मागे येऊन उभ्या राहिलेल्या बाबांनी.

"उद्यापासून माह्यासंगं चाल. पाखरं हाकलाले."

दोघी बहिणींनी चमकून पाहिलं. किडे झाडावर असताना ऐनाच्या रानात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही, हा नेम दाढी-मासोळीच्या नेमाहून जुना होता. कावळे, मैना किडे टिपतात. त्यांना हाकलायला दिवसभर पुरुषच बसत.

"बाबा, गाव काय म्हनन?" देवकी म्हणाली.

"झिंगे खाऊन किडा मेला नाई," बाबा म्हणाले, "तं माही लेक बसून मरते काय? झाडाले हात लावजो नको. दुरून वरड फक्त."

गाव म्हणालंच, पंधरा दिवस म्हणालं. पाटलाच्या म्हातारीनं तर तोंडावर सांगितलं की पीक जाईल. पीक गेलं नाही. धुऱ्यावरच्या, रानाच्या बांधावरच्या मोहाखाली खाट टाकून देवकी बसायची, किड्यांची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून, आणि पाखरू दिसलं की अशी ओरडायची की खाली गुरं दचकत. इतकी वर्षं हळू बोलायची सवय लागलेली ती बाई. तिच्या पोटात एवढा आवाज आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. दुखलं की घरी यायची. बरं वाटलं की जायची. हातावरचं बोर अकरा झालं. आठ झालं. पुढच्या माघात चार.

मग चारवरच थांबलं. तीन तपासण्या, तीनदा चार. आठजणींना तोवर औषध मिळून गेलं होतं.

"मर्यादा तीनची," काझी म्हणाल्या. "चारवर देता येतं, इस्पितळात, सगळी तयारी ठेवून. धोका आहे. थांबलं तरी धोका आहे. मी ठरवणार नाही, तनुजा. तूही नाही."

या वेळी तनुजानं एकटीनं कागदावर लिहून टाकलं नाही. समोर बसून सगळं सांगितलं, श्वास कसा बंद होतो, सुई कुठली तयार असेल, ती किती वेळात लागू होते, आणि न लागली तर काय. देवकीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "तू खोलीत राहशील?"

"राहीन."

"मंग चाल."

इस्पितळाची खोली उजेडाची होती, खिडकीत बाभळीचे शेंडे. सलाइनच्या नळीतून औषध थेंब थेंब उतरू लागलं. काझी उशाशी उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "बोलत राहा. घसा आतून सुजायला लागला तर आधी आवाज बदलतो. मला तो ऐकू आला पाहिजे."

"काय बोलू? तुमच्याशी माही ओळख नाई."

"काहीही. गाणं म्हणा."

देवकीनं जरा विचार केला आणि धाग्यावरची ओवी लावली, संथ, बसक्या सुरात.

*ऐनाच्या झाडावरी, किडा बांधते घर*
*मोडीन त्याचं घर, तवा लुगडं अंगभर*

एक झाली, दुसरी झाली. पंचविसाव्या मिनिटाला तिनं मान खाजवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मानेवरून गांध्या उठत खाली सरकल्या. काझींनी नळीची चकती फिरवून थेंब सावकाश केले, एक सुई टोचली, आणि तनुजाकडे न पाहता विचारलं, "तुझं भांडं पिशवीत किती टिकतं?"

"अजून तासभर. मग विरायला लागतं." तनुजा वाकली, बहिणीच्या डोळ्यांत पाहून बोलली. "बाई, ऐक. आता बंद केलं तर हे औषध पुन्हा कधीच देता येनार नाई. अंग आता याले पक्कं ओळखन. चालू ठेवलं तर हे वाढू शकते. जास्त हळू केलं तर औषध वाया जाते. यातलं काहीच मी बरं करून सांगून नाई रायली."

"श्वास येते मले."

"हो."

"जीभ बरोबर आहे." तिनं ती काढून दाखवली. मग खिडकीकडे पाहिलं. "चालू राहू द्या. आवाज बदलला तं तुम्ही बंद करजा, मी कुरकुर नाई करनार."

आणि तिनं पुढची ओवी तिथल्या तिथे जुळवली.

*धाकटी शिकलेली, हिचे कागद मोठे*
*सख्ख्या बहिनीले, लिहिते चौदा बोटे*

सिस्टर फस्सकन हसली. काझींनीही तोंड फिरवलं. तनुजा हसली नाही; ती आवाज ऐकत होती. एकेक अक्षर, जसं सूत उजेडात धरून गाठ पाहतात तसं. सूर कापरा होता. पण बसका होता तो मुळातलाच, लहानपणापासून ऐकलेला. नवी घरघर त्यात नव्हती. दहा मिनिटं गेली. गांध्या कोपरापाशी थांबल्या. पंधरा मिनिटांनी मानेवरच्या फिकट झाल्या. देवकीनं तोवर बाबांवर दोन, पाटलाच्या म्हातारीवर तीन आणि झिंग्यांवर एक ओवी रचली होती. पिशवी रिकामी झाली तेव्हा ती मधेच थांबून म्हणाली, "घसा वाळला बाप्पा. आता तं पानी द्या."

तीन महिन्यांनी अहवाल आला. तनुजा तो घेऊन स्वतः गेली. देवकी अंगणात तांदूळ निवडत होती. या तीन महिन्यांत एकदाही तिला इस्पितळात न्यावं लागलं नव्हतं, पण घरात कुणी तसं मोठ्यानं म्हणत नव्हतं, नजर लागते.

"बत्तीस टक्के," तनुजा म्हणाली. "तुझ्या रक्तात बत्तीस टक्के आता गर्भातलं आहे. मायच्या पोटातलं होतं तसं. वीस आलं असतं तरी चाललं असतं."

देवकीनं सूप खाली ठेवलं. आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला, वेगळा दिसतो का म्हणून.

"म्हंजे पोटातल्या लेकरावानी?"

"रक्तापुरती, हो."

"मी अजून जन्मलीच नाई म्हन की."

"तसंच काही."

"आन् तू जन्मून झाली बत्तीस वर्षं." देवकीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं, आणि तिनं सूप उचलून तनुजाच्या मांडीवर ठेवलं. "मंग तू थोरली, मी धाकटी. बाई, तेवढे तांदूळ निवड. मी जरा गावात फिरून येतो."

ती उठली, पायात चपला अडकवल्या आणि कुणाचा हात न धरता उन्हात निघून गेली. तनुजा तांदूळ निवडत बसली.